दार उघडे, पायरी उंच

पुस्तक मिळत नाही, ही आपल्याकडच्या स्वाध्यायी वाचकाची जुनी तक्रार. तालुक्याच्या गावी ग्रंथालय असले तरी त्याचे कपाट बहुधा कथा-कादंबऱ्यांनी भरलेले, आणि विज्ञानाचे वा संगीतशास्त्राचे पुस्तक हवे असेल तर मुंबई गाठणे भाग. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही तक्रार जवळजवळ निकालात निघाली. पालघर तालुक्यातील मुरबे हे खाडीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. पलीकडच्या तीरावर सातपाटी. या गावातील एखाद्या जिज्ञासू मुलाला आज हातातल्या मोबाइलवर, एक पैही किंमत न मोजता, केतकरांचा ज्ञानकोश उघडता येतो, वाईचा विश्वकोश उघडता येतो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर थेट शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून पाहता येतो. एवढी श्रीमंती पूर्वी कोणत्याही संस्थानिकाच्या वाड्यातही नव्हती.

परंतु श्रीमंती मोजणे निराळे आणि तिचे मोल करणे निराळे. या मुक्तद्वार साधनांचे आपल्याकडे कौतुक पुष्कळ झाले. त्यांची समीक्षा मात्र झाली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत, हा आपला संस्कार त्याच्या आड येत असावा. मला तो येथे गैरलागू वाटतो. जो मुलगा शाळा-कॉलेजाबाहेर राहून स्वतःच्या बळावर शिकू पाहतो, त्याच्याजवळ चूक दाखवणारा गुरुजी नसतो. पुस्तक हाच त्याचा गुरुजी. तेव्हा त्या गुरुजीची परीक्षा अधिकच कठोर हवी.

प्रथम केतकरांचा ज्ञानकोश. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भागभांडवल गोळा करून, दारोदार वर्गणीदार मिळवून १९२० च्या दशकात तेवीस खंडांचे हे काम तडीस नेले. आज तो महाजालावर सर्वांना खुला आहे. केतकर तटस्थतेच्या मागे लपणारे कोशकार नव्हते. त्यांची मते, त्यांचे आग्रह, त्यांचे हेकेही पानापानांतून भेटतात. वाचनाच्या दृष्टीने ही गोष्ट मला दोषापेक्षा गुणच वाटते, कारण नवख्या वाचकाला ज्ञानामागे एक माणूस उभा दिसतो. मात्र विज्ञानापुरता हा कोश आता इतिहासाचा ग्रंथ झाला आहे. अणुकेंद्राच्या भंजनाचा शोध १९३८ सालचा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून मुरब्याच्या उत्तरेस, थोड्याच अंतरावर उभे आहे. त्या केंद्रात काय चालते, हे केतकरांना विचारण्यात अर्थ नाही.

मग वाईला विचारावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. मराठीतील ज्ञानव्यवहाराचे याहून मोठे काम मला दुसरे दिसत नाही. परिभाषा घडवायची, ती नोंदीत वापरून दाखवायची, आणि तरी वाक्य मराठीच राहू द्यायचे, ही तारेवरची कसरत त्या संपादकांनी चार तपे केली. पण काळाचा आणि वर्णमालेचा येथे एक विचित्र खेळ झालेला आहे. कोश अकारविल्ह्याने निघतो. त्यामुळे ‘अ’ हे अक्षर १९७६ साली गोठले आणि ‘ह’ एकविसाव्या शतकात आला. ‘अणु’ पहिल्या खंडात पडला. त्या खंडातल्या मजकुराला १९७९ चा थ्री माइल आयलंडचा अपघात ठाऊक असणे शक्य नाही, १९८६ चे चेर्नोबिल तर नाहीच नाही. कागदी खंड हाती घेतला की पहिल्याच पानावर प्रकाशनाचे साल दिसते आणि वाचक सावध होतो. पडद्यावर सुटी नोंद येते तेव्हा खंड सुटतो, आणि खंडाबरोबर त्याचे वयही सुटते. विश्वकोशाची ज्ञानमंडळे आता नव्या नोंदी लिहून घेत आहेत, हे स्तुत्यच आहे. परंतु प्रत्येक जुन्या नोंदीच्या माथ्यावर तिचे जन्मसाल ठळकपणे छापावे, एवढी साधी सोय झाली तरी तारापूरशेजारच्या वाचकावर मोठे उपकार होतील.

दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. मच्छीमारांच्या घरातल्या मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. उधाण आणि भांग हे शब्द त्याला घरातच मिळतात. किंबहुना शाळेच्या भूगोलाने ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ या संज्ञा घेतल्या त्या किनाऱ्यावरूनच. त्याची जिज्ञासा पुढची असते. डोल हे प्रवाहाच्या तोंडी रोवलेले पिशवीसारखे जाळे. बोंबील त्यात पाण्याच्या ओढीनेच येतात. उधाणात डोल का चालते आणि भांगात का मंदावते? कोश सांगतो की अमावास्या-पौर्णिमेस चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी अधिक चढते. पण जाळ्याला पाण्याची उंची नको असते, वेग हवा असतो. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळ दोन्ही पक्षी साधारण सव्वासहा तासांचाच. तेवढ्याच काळात अधिक पाणी आत-बाहेर करायचे म्हणजे ते अधिक वेगाने धावणारच. उत्तर इतके सोपे आहे. सिद्धान्त सांगणे हे कोशाचे काम. तो डोलीपर्यंत नेणे हे वाचकावर सोडलेले असते. आणि ज्या वाचकाला आणखी पुढे जायचे असेल, त्याला नोंदीखालची ग्रंथांची यादी बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांकडे धाडते. दार मराठीत उघडते, जिना इंग्रजीत सुरू होतो.

हा जिना कोणी मराठीत बांधलाच नाही असे नव्हे. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे जे केले, ते मला या सर्व प्रपंचात सर्वांत निर्मळ वाटते. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या, फेकून दिलेल्या बाटल्या यांतून खेळणी करायची, त्यांच्या छोट्या फिती मराठीसह अनेक भाषांत करायच्या, आणि हजारो पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवून द्यायची. येथे ज्ञान वस्तूपासून सुरू होते, व्याख्येपासून नव्हे. पण खेळणे संपते तेथून पदवीच्या अभ्यासापर्यंतचा मधला मजला रिकामा आहे. वरच्या मजल्यावर आयआयटी आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेने २००३ पासून उभारलेली ‘एनपीटेल’ची व्याख्याने आहेत, त्यांतील काहींचे मराठी रूपही मिळते. त्यांचा दर्जा निर्विवाद. फक्त ती वर्गात बसलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास उद्देशून आहेत, आणि एकट्याने शिकणारा माणूस त्या वर्गात मागच्या बाकावरचा पाहुणा ठरतो.

कलेच्या प्रांतात चित्र वेगळे आहे. येथे मला भातखंड्यांची आठवण होते. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. घराण्यांनी पेटीत कुलूप घालून ठेवलेल्या चिजा त्यांनी खटपटी करून मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापून टाकल्या. मुक्तद्वार ज्ञानाची ही चळवळ महाजालाच्या पुष्कळ आधीची. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मूळ मराठीत आहे आणि गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेली आहे. ग्रंथकार १९३६ साली वारले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो, या कायद्याने तो आज तुमचा-आमचा आहे. स्वाध्यायी वाचकाला मी डोळे मिटून हाच ग्रंथ सुचवीन. कारण त्यातला शिष्य शंका विचारतो, अडतो, पुन्हा विचारतो. नुसत्या स्वरलिपीवरून गाणे येत नाही हा आक्षेप त्या काळी रास्त होता. आज ग्रंथाशेजारीच त्या त्या रागाचे जुने ध्वनिमुद्रण ऐकता येते, तेव्हा त्या आक्षेपाची निम्मी धार गेली आहे. उरलेली निम्मी मात्र गुरूवाचून जाणार नाही.

आता याच जिल्ह्यातील वारली चित्रकला पाहा. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगात नेली. महाजालावर वारली चित्र ‘शिकवणारे’ धडे उदंड आहेत. त्यांत दोन त्रिकोणांचा माणूस काढायला पाच मिनिटांत येतो. लग्नघरातला चौक कोण लिहिते, त्यात पालघट देवी का येते, याचा त्यांत बहुधा पत्ता नसतो. आकृती मुक्त झाली आणि अर्थ पाड्यातच राहिला. असे धडे फुकट असले तरी महाग पडतात.

हे सारे साहित्यिक नाजूकपणाचे प्रश्न आहेत, असे कोणी म्हणेल. तसे ते नाहीत. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव अलीकडच्या वर्षांत पुढे आला. अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा मसुदा अहवाल लोकांसमोर ठेवावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सारांश मराठीत, शेकडो पानांचा गाळ, प्रवाह, लाटा यांचा मूळ हिशेब मात्र सामान्यतः इंग्रजीत. तोही फुकटच मिळतो! पण लाटरोधक भिंतीने प्रवाहाची दिशा बदलेल काय, गाळ कोठे बसेल, डोलीच्या खुंट्यांशी पाण्याची ओढ किती उरेल, हे त्या पानांतून ज्याला वाचता येते तो सुनावणीत प्रश्न विचारतो. ज्याला येत नाही तो घोषणा देतो. घोषणेलाही मान आहे, परंतु इतिवृत्तात प्रश्नाचे उत्तर लिहावे लागते, घोषणेचे नाही.

म्हणून आणखी एक कोश महाजालावर चढवला, आणखी हजार पुस्तकांच्या छायाप्रती झाल्या, अशा वार्तांनी मी आता फारसा हरखून जात नाही. हवा आहे तो मधला जिना: भांग-उधाणापासून निघून प्रवाहाच्या गणितापर्यंत मराठीतून नेणारी चार-दोन पुस्तके, प्रत्येकावर साल घातलेले, प्रत्येकात शंका विचारणारा एक शिष्य. लिहिणारे आपल्या विद्यापीठांत आहेत, भातखंड्यांचा नमुना समोर आहे, आणि वाचणारा मुरब्याला आहे.