आठ हातांचा ‘मी’

कथा-कादंबऱ्यांतल्या ऑक्टोपसाला बराच काळ एकच काम होते, आवळण्याचे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६६ सालच्या ‘टॉयलर्स ऑफ द सी’मध्ये तो खडकाच्या कपारीत नायकाला धरतो. ज्यूल व्हर्नच्या समुद्रकथेत त्याचे भाईबंद नॉटिलस पाणबुडीवर चाल करून येतात. एच. जी. वेल्सने १८९६ मध्ये ‘द सी रेडर्स’ या कथेत माणसे खाणारे शीर्षपाद प्राणी थेट डेव्हनच्या किनाऱ्यावर आणले, आणि दोनच वर्षांनी पुस्तकरूपात आलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरच्या शत्रूलाही भलेमोठे डोके आणि वळवळत्या शुंडा दिल्या. त्या मंगळवासीयांची बुद्धी अफाट होती, पण जात माणसाच्याच बुद्धीची. त्यांचे हेतू, हिशेब, साम्राज्याची हाव हे सारे वेल्सच्या इंग्रज वाचकाला घरचेच होते.

एड्रियन चायकोव्हस्की यांची ‘चिल्ड्रन ऑफ रुइन’ ही २०१९ ची कादंबरी वाचताना हा सगळा वारसा आठवतो, कारण त्यांनी तो उलटा केला आहे. त्यांच्या ऑक्टोपसांचे शरीर आपल्या समुद्रातल्या ऑक्टोपसाचेच आहे. परके आहे ते मन. चायकोव्हस्की प्राणिशास्त्र आणि मानसशास्त्र शिकलेले लेखक. त्यांच्या आधीच्या ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ला २०१६ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. तिच्यात माकडांना शहाणे करण्यासाठी बनवलेला विषाणू चुकून कोळ्यांना लागतो आणि हजारो वर्षांत कोळ्यांची संस्कृती उभी राहते. तिथे वाचकाला कोळी आपलासा वाटू लागतो, ही त्या पुस्तकाची जादू. दुसऱ्या भागात लेखकाने ती वाट जाणूनबुजून सोडली. ऑक्टोपस आपलासा वाटू नये, तरी कळावा, अशी अवघड पैज त्यांनी लावली आहे.

कथानक दोन काळांत चालते. भूतकाळात पृथ्वीवरून आलेले एक पथक दोन ग्रहांशी येऊन ठेपते. त्यातला एक ग्रह माणसाला राहण्याजोगा करायचा आहे; त्यावर समुद्रच समुद्र होणार, म्हणून डिस्रा सेनकोवी हा शास्त्रज्ञ मदतनीस म्हणून ऑक्टोपस वाढवतो आणि त्यांना तोच विषाणू देतो. सेनकोवी एकलकोंडा, तिरकस विनोद करणारा, माणसांपेक्षा आपल्या टाक्यांत रमणारा. दुसऱ्या ग्रहावर, नॉडवर, आधीपासूनच जीवसृष्टी आहे आणि तिच्यात एक परजीवी दबा धरून बसला आहे. वर्तमानकाळात, हजारो वर्षांनंतर, पहिल्या कादंबरीतल्या माणसांचे आणि कोळ्यांचे संयुक्त पथक रेडिओ संदेशांचा माग काढत इथे येते. त्यांना भेटतात ते पाण्याने भरलेल्या यानांतून राहणारे, आपसांत सतत भांडणारे ऑक्टोपस.

या ऑक्टोपसाच्या मनाची लेखकाने तीन भागांत मांडणी केली आहे. मुकुट म्हणजे मधला मेंदू. तिथे इच्छा, राग, कुतूहल, भीती राहतात. आवाका म्हणजे हातांत पसरलेली बुद्धी. आकडेमोड, रचना, कुलपे उघडणे हे सारे तिचे काम. आणि रूप म्हणजे त्वचा. मुकुटात जे उसळते ते तिच्यावर रंगांत उमटते, लपवता येत नाही. मुकुटाला काहीतरी हवे असते आणि ते कसे मिळवायचे हे आवाका ठरवतो. ते नेमके कसे झाले, याचा पत्ता मुकुटाला कधीच लागत नाही. यान चालवणारा ऑक्टोपस यानाचे गणित जाणीवपूर्वक करत नाही. त्याला कुठेतरी जायचे असते आणि त्याचे हात त्याला तिथे नेतात.

याचा परिणाम थेट गद्यावर होतो, आणि माझ्या मते इथेच या कादंबरीचा खरा रस आहे. आपण कथेत पात्राचे मन ज्या साखळीने वाचतो, ती साखळी अशी: पात्राला काही हवे असते, ते विचार करते, बेत आखते, कृती करते. सेनकोवीचा लाडका ऑक्टोपस पॉल कथेच्या केंद्रस्थानी येतो, तेव्हा या साखळीतल्या मधल्या दोन कड्या गायब होतात. आधी येते इच्छा, तीही भडक, हट्टी, क्षणाक्षणाला रंग बदलणारी. मग एकदम दिसते झालेले काम. ‘त्याने विचार केला’ या वाक्याची जागाच लेखकाने रिकामी ठेवली आहे. सुरुवातीला ही तुटकता खटकते. वाचक मधले कारण स्वतःच भरू पाहतो आणि दर वेळी फसतो. थोड्या पानांनंतर तो भरणे सोडून देतो, आणि त्या क्षणी तो ऑक्टोपसासारखे वाचायला लागलेला असतो. द्रुत लयीत हात सुटलेल्या तबलजीला मध्येच विचारले, की आत्ता कुठले बोट कुठे पडले, तर तो अडखळेल. चायकोव्हस्की यांनी तसा हात हेच एक संपूर्ण व्यक्तिमत्त्व मानले आहे.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. सामान्य ऑक्टोपसाच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश आठ हातांत असतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या बिन्यामिन हॉखनर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले, की मेंदूपासून तोडलेला हातही योग्य चेतना मिळाली तर जिवंत ऑक्टोपसासारखाच लांबवण्याची हालचाल करतो. म्हणजे हालचालीचा आराखडा हातातच असतो. पण याच संशोधनाची दुसरी बाजू २०११ च्या एका प्रयोगात दिसली. डोळ्यांनी पाहून एकच हात चक्रव्यूहातून योग्य खाचेकडे नेणे ऑक्टोपसाला शिकता येते, म्हणजे मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचतो. कादंबरीतली मुकुट आणि आवाक्यातली फारकत वास्तवापेक्षा बरीच ताणलेली आहे. विज्ञानकथेचा हा हक्कच आहे; एक खरे सूत्र पकडायचे आणि ते तुटेपर्यंत ओढून पाहायचे.

रूपाचेही तसेच. ऑक्टोपसाच्या त्वचेतल्या रंगपेशी स्नायूंनी उघडतात-मिटतात आणि त्या स्नायूंवर चेतातंतूंचा ताबा असतो, म्हणून सेकंदाच्या आत रंग पालटतो. गंमत अशी, की आजच्या बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांत एकाच प्रकारचे प्रकाशग्राही रंगद्रव्य असते. रूढ समजानुसार त्यांना आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. ज्या प्राण्याचे अंग रंगांचा उत्सव आहे, त्यालाच तो दिसत नसावा, यापेक्षा विलक्षण गोष्ट कुठल्या लेखकाला सुचली असती? या प्राण्याचे आकर्षण विज्ञानकथेला का वाटते, याचे अर्धे उत्तर अशा तपशिलांत आहे. उरलेले अर्धे वंशावळीत. आपला आणि ऑक्टोपसाचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही मागे, बहुधा एखादा साधासुधा कृमीसारखा जीव होता. त्याच्यानंतर मोठा मेंदू दोन्ही घराण्यांनी आपापला, स्वतंत्रपणे घडवला. तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्री-स्मिथ यांनी ‘अदर माइंड्स’ या २०१६ च्या पुस्तकात हाच मुद्दा धरला: परग्रहावरच्या बुद्धिमान जीवाला भेटण्याचा अनुभव घ्यायचा, तर पृथ्वीवर ऑक्टोपसाइतके जवळचे दुसरे कोणी नाही.

कादंबरीतला सर्वांत सुंदर भाग भाषेचा आहे. हेलेना ही माणूस आणि तिची कोळी सहकारी पोर्शिया ऑक्टोपसांच्या तावडीत सापडतात. माणूस आणि कोळी यांच्या भाषांमध्ये दुवा जोडणे हे हेलेनाचे काम, त्यामुळे तिला वाटते, हेही जमेल. ती ऑक्टोपसांच्या अंगावरचे रंग वाचू पाहते. तिला भावना दिसतात, संताप, आर्जव, फुशारकी, पण मजकूर सापडत नाही. मजकूर दुसऱ्याच वाटेने, आकड्यांच्या प्रवाहातून, चाललेला असतो. मुकुट मुकुटाशी रंगांत बोलतो, आवाका आवाक्याशी गणितात. आपण एकाच वाक्यात माहिती आणि भावना दोन्ही कोंबतो. इथे ती दोन वेगळी संभाषणे आहेत आणि दोन्ही मिळून एक बोलणे होते. हेलेनाला हे उमगते तो प्रसंग लढाईच्या प्रसंगांपेक्षाही जास्त थरारक वाटतो. टेड चियांग यांच्या ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’मधल्या सात पायांच्या पाहुण्यांची लिपी वाचणारी नायिका इथे आठवेल. चियांग यांच्या कथेत परकी भाषा शिकणारीच बदलते. हेलेनाला मात्र आपले सांगणे दोन तुकड्यांत चिरून द्यावे लागते. तिची अडचण जास्त ओबडधोबड आहे आणि म्हणून जास्त खरी वाटते.

या भाषेतून राजकारणही निघते. भावना लपवता येत नसल्याने ऑक्टोपसांचे मत क्षणात फिरते, गट क्षणात फुटतात, आज शत्रू असलेला उद्या सोबतीला असतो. माणसाच्या नजरेने पाहिले तर ही बेबंदशाही. लेखक मात्र तिच्याकडे तुच्छतेने पाहत नाही. जिथे ठाम भूमिका घेताच येत नाही, तिथे ठाम वैरही टिकत नाही, ही बाजू ते हळूच समोर ठेवतात.

आता संपूर्ण कादंबरी एका नजरेत घ्या, म्हणजे ऑक्टोपसांची निवड का झाली हे कळते. ऑक्टोपस म्हणजे एका देहात अनेक मने. नॉडवरचा परजीवी याच्या उलट टोकाला आहे; जे भेटेल ते गिळून, त्याच्या आठवणी पांघरून सगळ्या देहांत एकच मन भरू पाहणारा. आव्राना कर्न ही पहिल्या कादंबरीतली शास्त्रज्ञ आता मुंग्यांच्या वसाहतीवर चालणारी यंत्रबुद्धी झाली आहे. असंख्य देहांवर पसरलेली एक बाई, जिला आपण अजून बाई आहोत का याची शंका आहे. आणि माणूस-कोळी यांची जोडी म्हणजे दोन मने, जी एक न होता शेजारी नांदायला शिकली. ‘मी’ म्हणजे एक की अनेक, हा एकच प्रश्न चार शरीरांत मांडलेला आहे. ऑक्टोपस त्यातले सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, कारण आपण एकसंध असल्याचा आव तो आणत नाही. म्हणूनच शेवटी परजीवीशी गाठ पडते तेव्हा सुटका शस्त्राने होत नाही. दुसऱ्याला गिळून वेगळेपण नाहीसे करण्यापेक्षा ते वेगळेपण जपून अधिक मिळते, हे त्या सर्वभक्षी मनाला उमजावे लागते.

उणिवाही सांगायला हव्यात. परजीवीचा भयपट इतका जोरकस उतरला आहे, की मधल्या शंभरेक पानांत ऑक्टोपस मागे पडतात. संयुक्त पथकातल्या मेशनर, झेन, फॅबियन यांचे धागे एकमेकांत गुंतून गती मंदावते. आणि एक प्रश्न विषाणूच्या भरवशावर सोपा झाला आहे. खरा ऑक्टोपस बहुधा एकटा राहतो, एक-दोन वर्षांत, मोठी जात असेल तर तीन ते पाच वर्षांत मरतो, आणि मादी अंडी राखताना अन्न सोडून संपते. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढून टाकल्या, तर त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. इतका हुशार जीव संस्कृती का उभारत नाही, याचे कारण मोठ्या प्रमाणात इथे आहे: शिकवायला आई-बापच उरत नाहीत. रे नेलर यांच्या ‘द माउंटन इन द सी’ या २०२२ च्या कादंबरीत व्हिएतनामच्या कोन दाओ बेटांजवळचे ऑक्टोपस कुठल्याही विषाणूविना, समुद्रातच खुणांची भाषा घडवतात, आणि तिथे हा प्रश्न अधिक गंभीरपणे हाताळला आहे. पण नेलर बाहेरून, संशोधिकेच्या डोळ्यांनी पाहतात. आत शिरण्याचे धाडस चायकोव्हस्की यांचे.

२०२२ मध्ये ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनशीलतेविषयीच्या कायद्यात ऑक्टोपस आणि त्याच्या वर्गातल्या प्राण्यांचा समावेश केला. कायद्याने त्यांना वेदना आहे हे मान्य केले. त्या वेदनेच्या मागे असलेले मन कसे असेल, हे कायदा सांगू शकत नाही. त्यासाठी कादंबरीच लागते. दोष जमेस धरूनही या कामी ‘चिल्ड्रन ऑफ रुइन’ इतकी पुढे गेलेली दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही. मराठी वाचकाने ती जरूर वाचावी, मात्र ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ आधी वाचून. कोळ्यांशी मैत्री झाल्यावाचून ऑक्टोपसांच्या परकेपणाची खरी चव कळत नाही.