ख्रिस्तपुराणांतील पूर्वज

हसनाबादेहून दक्षिणेस जालन्याकडे गेलें म्हणजे पूर्वीच्या निजामी राज्यांतील एका ख्रिस्ती वसाहतीच्या प्रदेशांत आपण येतों. सर सालारजंग यांच्या अनुग्रहानें मिळालेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जालन्यानजीक 'बेथेल' या नांवाचें गांव वसविलें. शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ सालचा. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास न्यायालयानें वडिलांच्या स्वाधीन केलें व पुढें त्याच्या प्रायश्चित्ताचा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलला, ही हकीकत आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. तिची पुनरुक्ति येथें कर्तव्य नाहीं. गांवाचें नांव मात्र लक्षांत घ्यावें. याकोबानें उशास घेतलेला धोंडा उभा करून ज्या स्थळास 'देवाचें घर' म्हटलें, त्या स्थळाचें नांव मराठवाड्याच्या काळ्या मातींत, पुष्कळशा मांग समाजांतून आलेल्या मंडळींच्या वस्तीस मिळालें. त्यांच्या आज्यापणज्यांपैकीं कोणींही याकोबाचें नांव ऐकलें नव्हतें, आणि तरी त्याला या मंडळींनीं पूर्वज मानलें.

इब्र्यांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे अशी विश्वासू जनांची मालिका देऊन, पुढच्या अध्यायाच्या आरंभीं, एवढे साक्षी भोंवतीं असतां तुम्हीं धीरानें धांवत राहावें, असा उपदेश केला आहे. ज्यांस हें पत्र लिहिलें त्यांचे ते रक्ताचे पूर्वज होते. स्मरण दिलें कीं काम झालें. मराठी बोलणाऱ्या नवख्रिस्त्याचें तसें नव्हतें. त्याच्या घरचें कुलदैवत, कुळाचार, श्राद्धपक्ष हें सर्व सुटलेलें, आणि नव्या धर्मांतील साक्षी परदेशी. त्यास हे साक्षी आपले वाटावे कसे? या प्रश्नास मराठींत पहिलें सविस्तर उत्तर दिलें तें फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराणानें, आणि त्याच दृष्टीनें या ग्रंथाचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

ग्रंथाच्या उपोद्घातांतच त्याच्या जन्माचें कारण सांगितलें आहे. गोमंतकांतील साष्टी प्रांतीं देवळांत शिकवण चालली असतां एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं कां देत नाहीं? ग्रंथाचें मर्म या पृच्छेंत आहे. पृच्छकास नुसते विधिनिषेध पुरेसे वाटत नाहींत. त्यास कथा पाहिजे, आणि कथेंत पूर्वीं होऊन गेलेलीं माणसें पाहिजेत. म्हणून सुमारें अकरा हजार ओंव्यांच्या या ग्रंथाचें 'पैलें पुराण', म्हणजे ३६ अवस्वरू, जुन्या करारास दिलें आहे. ख्रिस्तचरित्र 'दुसऱ्या पुराणा'च्या ५९ अवस्वरूंत येतें. बोधासाठीं चरित्र तेवढें पुरें होतें, असें कोणास वाटेल. आमच्या मतें पहिलें पुराण हेंच कवीचें खरें धाडस होय. सृष्ट्युत्पत्तीपासून कुलपुरुष, राजे व भविष्यवादी यांची परंपरा तो पुराणिकाच्या चालीनें लावतो. कुलवृत्तान्त गमावलेल्या श्रोत्यांस नवा कुलवृत्तान्त मिळतो, तोहि ओंवीबद्ध.

मात्र या गुणगौरवांत एक गोष्ट दडपूं नये. १५८३ सालीं साष्टींतच कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट पाद्री मारले गेले. त्याची वार्ता स्टीफन्सनें त्याच वर्षीं आपल्या भावास पत्रानें कळविली होती. चर्चच्या इतिहासांत ते पांच हुतात्मे ठरले. देवळें मोडल्याचा राग धरणाऱ्या गांवकऱ्यांचे मुख्य पुढें पोर्तुगीजांनीं मारविले. कुंकळ्ळीकरांच्या स्मरणांत हुतात्मे ते. पुराणांतील ब्राह्मण नम्रतेनें 'वर्ज्य केलीं' एवढेंच म्हणतो. त्या एका क्रियापदामागें किती बळजबरी होती हें ओंवीच्या गोडव्यांत संशोधकानें विसरूं नये. पूर्वजांच्या श्रद्धेला चिकटून राहणें हा गुण एकाच पक्षाच्या पदरीं टाकतां येत नाहीं.

आतां प्रतींचा विचार. ग्रंथ रायतूर येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघाला. या तिन्हीं आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं विजरई कोंदि द आल्व्होर याच्या फर्मानानें देशी भाषेवरच गदा आली. छापखाना थांबला तो थांबलाच. तेथून १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें ग्रंथ छापून काढीपर्यंत सुमारें सव्वादोनशें वर्षें हें पुराण जगलें तें नकलकारांच्या बोटांवर, आणि तें मुख्यतः कानडा किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती घरांतून. मध्यंतरीं १७८४ ते १७९९ पर्यंत टिपूनें तेथील ख्रिस्ती समाज श्रीरंगपट्टणास बंदींत ठेवला होता. इतक्या उलथापालथींतून पोथ्या बचावल्या, ही गोष्ट आमच्या दृष्टीनें कोणत्याही स्तुतिपर चरित्राहून वजनदार पुरावा होय. पोथी उतरून घेणारा मनुष्य हाच येथें साक्षी आहे.

संपादकांवर आमचा आक्षेप याच ठिकाणीं आहे. साल्ढाणा यांचे उपकार थोर, पण त्यांनीं सिद्ध केलेल्या पाठांत निरनिराळ्या नकलकारांचे हात एकमेकांत मिसळून गेले. पुढें १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. मराठी वाचकास ग्रंथ प्रथम सुलभ झाला तो तिच्यामुळें. परंतु तो रोमन पाठाचें लिप्यंतर आहे, हें विसरून ती जणूं मूळ पोथीच अशा थाटानें उतारे देण्याची रीत पडली, ती बरी नव्हे. मूळची म्हणतां येईल अशी देवनागरी प्रत निराळी आहे. मार्सडेनच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयांत गेलेली ही पोथी रेव्हरंड जस्टिन अॅबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत उजेडांत आणली. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज संज्ञा आहेत तेथें या पोथींत संस्कृत व मराठी शब्द येतात. त्यावरून हाच मूळ पाठ, असें अॅबट यांचें अनुमान. आम्हांस तें निर्णायक वाटत नाहीं; परके शब्द काढून देशी घालणें हें मागाहूनच्या शोधकाचेंहि काम असूं शकेल. पण तसें ठरलें तरी पोथीचें मोल कमी होत नाहीं. ज्या कोणी ते शब्द पालटले त्यास ते पूर्वज परभाषेंत बोललेले खपत नव्हते, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

पुन्हां जालन्याकडे वळूं. बेथेलच्या मंडळींनीं शेषाद्रींच्या तोंडून अब्राहामाची कथा ऐकली तेव्हां तीच कथा अडीचशें वर्षांपूर्वीं मराठी ओंवींत उतरली होती. पण ती रोमन अक्षरांत, दुसऱ्या पंथाच्या लोकांच्या पेटींत, घाटाखालीं दूर होती. प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्त्यांस आपली परंपरा नव्यानें जुळवावी लागली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं तर तिचे धागे तुकोबांपर्यंत नेले, आणि ओंवींतच ख्रिस्तायन आरंभिलें. १९१९ सालीं तें अपुरें टाकून ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनीं तें तडीस नेलें. स्टीफन्सनें इस्राएलाचे पूर्वज मराठींत आणले. टिळकांनीं मराठी संत ख्रिस्ताच्या वाटेवर उभे केले. दोहोंची तुलना स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथें एवढेंच नमूद करतों, कीं १६०८ सालीं स्टीफन्सनें जेझुइटांच्या श्रेष्ठांस पत्र लिहून या देशी लिपीचे ठसे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. अक्षरांची संख्या सहाशेंच्या वर जाते खरी, पण युक्तीनें दोनशें सांच्यांत काम भागेल, असा हिशेबहि त्यांत दिला होता. ते ठसे झाले नाहींत, आणि आठ वर्षांनीं पुराण रोमन अक्षरांत निघालें. कोणा संग्राहकाच्या हातीं या ग्रंथाचें एखादें सुटें पान आलें, तर त्यानें लिपीबरोबर पवित्र आत्मा, बाप्तिस्मा, प्रेषित या अर्थांच्या ठिकाणीं कोणते शब्द आहेत, आणि शेवटीं उतरणाऱ्याचें नांव व शक असल्यास तो, हें जसेंच्या तसें टिपून मंडळाकडे पाठवावें.