आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : एका म्हणीचा फेरविचार

म्हण म्हणजे अनामिक टीकाकाराने केलेली सर्वांत आटोपशीर टीका. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा अर्थ आपण शाळेतच पाठ केलेला असतो : दुखणे एकीकडे, उपाय भलतीकडे. सरकारी कारभारावर लिहिणाऱ्या कोणालाही ती आयती सापडते. या रूढ अर्थाविषयी माझी तक्रार आहे. बीड जिल्ह्यात ही म्हण अलंकार उरत नाही. तिथल्या भूगोलाचे ते साधे विधान होते.

‘बंब’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. तिकडे तो पाणी उपसणाऱ्या यंत्राचा. मराठीने तो न्हाणीघरात नेला आणि पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या भांड्यालाही तेच नाव दिले. असा हा घरादारात रुळलेला शब्द. पण आगीचा बंब मात्र शहराचाच राहिला. त्याचे कारण कायद्यात आहे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची केली तीत अग्निशमन आहे. त्याच वर्षी 73व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची केली. तिच्या 29 विषयांत अग्निशमन नाही. तेव्हा बंब राहणार नगरपरिषदेच्या आवारात, आणि आग लागणार वाडीवरच्या कडब्याच्या गंजीला, नाहीतर माजलगाव-गेवराईकडच्या उसाच्या फडाला. जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरांचा. यात बंबाने चूक ती काय केली? तो सोमेश्वरीच ठेवलेला आहे.

म्हणीत पात्रे दोनच : आग आणि बंब. माझा आक्षेप इथे आहे. बंब पोचेपर्यंत रामेश्वरीची माणसे काय करीत असतात, याविषयी म्हण गप्प आहे. वास्तविक पहिली घटका त्यांचीच असते. गंज पेटली की पेटलेलीच्या मागे न लागता ती शेजारची गंज आधी ओली करतात. फड पेटला तर वाऱ्याच्या पुढे जाऊन ऊस तोडतात आणि मध्ये मोकळा पट्टा पाडतात. कापसावर नुसते वरून पाणी मारून भागत नाही. तो आत धुमसत राहतो, म्हणून ढीग ओढून पसरावा लागतो. हे शास्त्रच आहे. फक्त ते कोणी लिहून दिलेले नाही आणि त्याला पगार नाही. जर्मनीत अशाच गावकऱ्यांची रीतसर पथके आहेत, त्यांना शिक्षण आहे, गणवेश आहे. चिली देशात तर हे काम परंपरेने बिनपगारी स्वयंसेवकांचेच. आपण मात्र त्यांना ‘जमाव’ म्हणून मोकळे होतो.

पण जमावाचे गुणगान करतानाही हात आखडावा लागतो. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. बीड आणि माजलगाव येथे जाळपोळ झाली, आणि माजलगावच्या नगरपरिषदेच्या इमारतीलाही आग लावण्यात आली. आग विझवणे हे ज्या संस्थेचे कर्तव्य, तिलाच ती लागली! त्या दिवशी म्हणीतले अंतर उरले नाही. रामेश्वर आणि सोमेश्वर एकाच आवारात आले. जो समूह शेजाऱ्याची गंज वाचवतो, तो दुसऱ्याचे दार पेटवूही शकतो. पगारी माणसाचे मोल इथे कळते. आग कोणाची, हे तो विचारीत नाही. 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटांत 66 अग्निशामकांनी प्राण दिले. दर वर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह आपण त्यांच्या स्मरणार्थ पाळतो. ते ज्या मालासाठी, ज्या जहाजांसाठी गेले, त्यांत त्यांचे स्वतःचे काही नव्हते.

म्हणून मला वाटते, निवड पगारी की बिनपगारी अशी नाहीच. पगारी माणसाजवळ शिस्त आहे, पण तो दूर आहे. गावकरी जवळ आहे, पण त्याला शिस्त कोणी दिलेली नाही. दोघांना एका हुकमाखाली आणणे आणि गावातल्या दहा माणसांना बंबावरच्या माणसांकडून शिकवून ठेवणे, हे बंबांची संख्या वाढवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्या म्हणीने उपहास उत्तम केला. पण उपहासाने अंतर कमी होत नाही. तिने बंबाला हसून घेतले आणि हंडा घेऊन धावणाऱ्याला ती विसरली. टीकाकार कितीही थोर असो, असा विसर दाखवून देणे भागच आहे.