शाळेतला नवा मुलगा : पडद्यावरचा आणि फाटकाबाहेरचा

शाळेत नव्याने आलेल्या मुलावर चित्रपट काढणे ही आता रूढ वाट झाली आहे. अनोळखी वर्ग, मागचा बाक, टवाळी, मग एखादा मित्र आणि शेवटी स्वीकार. वर्ग या मुलाला आपला म्हणेल की नाही, एवढाच अशा चित्रपटाचा प्रश्न असतो. शाळेचे फाटक त्यात आधीपासून उघडेच असते. ते कोणासाठी उघडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची या चित्रपटांना गरज वाटत नाही. आपल्याला ती वाटली पाहिजे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला आणि जातीमुळे त्याला प्रवेश नाकारला गेला. आपल्या 'नव्या मुला'ची कथा त्या अर्जापासून सुरू होते.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) या प्रकारातला चांगला मराठी चित्रपट आहे. वडील वारलेले, आईची बदली झालेली, म्हणून चिन्मय पुण्याहून कोकणातल्या शाळेत येतो. त्याचे एकाकीपण खरे आहे आणि दिग्दर्शकाने ते संयमाने टिपले आहे. पण चिन्मयचे नवेपण बदलीच्या हुकुमाने येते आणि दिवसागणिक विरत जाते. हे एका पांढरपेशा घरातल्या मुलाचे दुःख आहे. तेवढ्यापुरते ते प्रामाणिक आहे. त्याला बालपणाचे सार्वत्रिक चित्र म्हणायचे असेल, तर मात्र आपला आक्षेप आहे.

'हिंदी मीडियम' (२०१७) फाटकाचा प्रश्न सरळ हाती घेतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवल्या. चित्रपटातला श्रीमंत कापड व्यापारी गरिबीचे सोंग घेऊन त्यातली एक जागा मुलीसाठी मिळवतो. शेजारच्या श्यामप्रकाशच्या मुलाची संधी हुकते. पुढे व्यापाऱ्याला पश्चात्ताप होतो, तो भरसभेत भाषण करतो आणि प्रेक्षक हळहळतात. ज्याचा हक्क होता तो मुलगा कथेच्या कडेलाच उभा राहतो. कायद्याने दिलेल्या जागेवर शिरून वर्षभर त्या वर्गात बसणे म्हणजे काय, हे हा चित्रपट दाखवीत नाही. वंचिताचा हक्क त्याने सधनाच्या सदसद्विवेकाचा विषय करून टाकला. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. फाटक एका अधिसूचनेने बंद होऊ शकते, हे सत्य पश्चात्तापाच्या कथेत मावत नाही.

मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या युझान पाल्सी या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा 'शुगर केन अॅली' (१९८३) म्हणूनच महत्त्वाचा. उसाच्या मळ्यातल्या मजूर वस्तीतला होजे, फ्रेंच वसाहतीच्या काळात शिष्यवृत्तीवर शहरातल्या शाळेत जातो. शिष्यवृत्ती अपुरी आहे. उरलेल्या पैशासाठी म्हातारी आजी शहरात येऊन लोकांचे कपडे धुते. होजे उत्तम निबंध लिहितो आणि मास्तर म्हणतात, ही चोरी आहे. गुणवत्तेच्या नावाने आपल्या मुलांवर घेतला जाणारा संशय याहून वेगळा नाही. पुढे मास्तर चूक कबूल करतात, पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. तरी चित्रपट तिथे थांबत नाही. आजी मरते आणि होजे तिचे पाय धुतो. शाळेची किंमत कोणाच्या देहातून वसूल झाली, हे त्या पायांवर लिहिलेले आहे. आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि हंगाम संपल्यावर शाळेत परतणारी आपल्याकडची मुले दरवर्षी नव्यानेच वर्गात येतात. हा चित्रपट त्यांचाही आहे.

पाल्सी यांनीच पुढे 'रुबी ब्रिजेस' (१९९८) केला. नोव्हेंबर १९६० मध्ये सहा वर्षांची काळी मुलगी न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत सरकारी रक्षकांच्या पहाऱ्यात गेली. गोऱ्या पालकांनी मुले काढून घेतली आणि एका शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. प्रवेश मिळाला, वर्ग मात्र नाहीसा झाला. प्रवेश म्हणजे समता नव्हे, हे साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसलेल्या भीमरावांच्या समाजाला कोणी शिकवायला नको.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) या साऱ्याला उत्तर देतो. जब्या नवा विद्यार्थी नाही. त्याचे नाव पटावर आहे. पण घरच्यांबरोबर डुकरामागे धावताना वर्गमित्र त्याला पाहून हसतात आणि त्या क्षणी पट निरर्थक ठरतो. फुले-आंबेडकरांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून डुक्कर वाहून नेले जाते. चित्रे भिंतीवर चढली, पण वर्गात उतरली नाहीत. जब्याचे नवेपण काळाने संपत नाही, कारण ते जातीने दिलेले आहे. शेवटी भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तो याचसाठी.

तेव्हा या चित्रपटांना एकच कसोटी लावावी. नव्या मुलाला शेवटी मित्र मिळाला का, हे विचारू नये. त्याला आत घेताना शाळा बदलली का, हे विचारावे. शिक्षकांनी हे चित्रपट वर्गात जरूर दाखवावेत आणि दिवे लागल्यावर हाच प्रश्न आपल्या वर्गाबद्दल विचारावा.