दर्शनी पाषाणाचे व्यापारी मूल्य : एक चिकित्सा

व्यापारी वास्तूच्या दर्शनी भागास नैसर्गिक दगड योजावा, या मताच्या समर्थनार्थ प्रतिष्ठा व टिकाऊपणा ही दोन कारणे सामान्यतः एकत्र पुढे केली जातात. वस्तुतः त्यांची चिकित्सा पृथक्पणे होणे आवश्यक आहे. शिकागो येथील स्टँडर्ड ऑइल कंपनीची इमारत हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय.

एडवर्ड ड्यूरेल स्टोन या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभी राहिलेली ही ८३ मजली वास्तू आज एऑन सेंटर या नावाने ओळखली जाते. तिचा पोलादी सांगाडा इटलीतील कॅरारा येथील शुभ्र संगमरवराच्या सुमारे ४३,००० लाद्यांनी आच्छादिला होता. हा पांढरा मनोरा कंपनीच्या वैभवाची जाहिरातच होता. तथापि लाद्यांची जाडी जेमतेम सव्वा ते दीड इंच होती. संगमरवरातील कॅल्साइटचे स्फटिक उष्णतेने सर्व दिशांना सारखे प्रसरण पावत नाहीत. वारंवार तापण्या-निवण्याने कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि पातळ लादीस बाक येतो. शिकागोच्या विषम हवामानात हेच घडले. १९८५ च्या तपासणीत लाद्या वाकल्याचे व तडकल्याचे आढळले. प्रथम त्या पोलादी पट्ट्यांनी जखडण्यात आल्या. पुढे १९९० ते १९९२ या काळात सर्व संगमरवर उतरवून उत्तर कॅरोलिनातील माउंट एअरी येथील दोन इंच जाडीचा पांढरा ग्रॅनाइट बसविण्यात आला. त्याचा खर्च ८ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे मूळ बांधकामखर्चाच्या निम्म्याहून जास्त होता.

यावरून दगड व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. एवढा भुर्दंड सोसूनही कंपनीने काच वा धातू न पत्करता पुन्हा पांढरा दगडच पत्करला. प्रतिष्ठेचे मूल्य तिच्या लेखी खरे होते, हे यावरून दिसते. सदोष होते ते टिकाऊपणाविषयीचे गृहीतक, आणि त्याचे मूळ काही अंशी संज्ञेतच आहे. ‘काळ्या दगडावरची रेघ’ या आपल्या वाक्प्रचारात शाश्वती सांगताना दगडाचा प्रकारही सांगितलेला आहे. ‘नैसर्गिक दगड’ ही व्यापारी संज्ञा मात्र संगमरवर व ग्रॅनाइट, भार पेलणारा चिरा व टांगलेली लादी या सर्वांना सरसकट लावली जाते. आणि चिऱ्याची कीर्ती विनासायास लादीच्या पदरी पडते.

म्हणून दगडाचे व्यापारी मूल्य ठरविताना तो कोणता, किती जाडीचा व कोणत्या हवामानासाठी आहे, हे आधी विचारले पाहिजे. आणि तो बदलण्याचा संभाव्य खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात मांडला पाहिजे.