पहिला मैल कुठे गेला?

मरमर काम करणाऱ्याचं कौतुक करायला इंग्रजीत वाक्प्रचारांची वाण नाही. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ते दरवर्षी अप्रेझलच्या फॉर्मवर भेटतात. त्यातला सगळ्यांत लाडका म्हणजे 'गोइंग द एक्स्ट्रा माइल'. नेमून दिल्यापेक्षा जास्त, तेही आपखुशीने करणाऱ्याला दिलेली ही शाबासकी.

तिचं मूळ मत्तयच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात आहे. कुणी तुला एक मैल चालायला भाग पाडलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असं येशू सांगतो. भाग पाडणारा कोण? रोमन अमलात सैनिक वाटेवरच्या माणसाला धरून ओझं वाहायला लावत. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच 'वेठीला धरणे'. 27व्या अध्यायात कुरेनेच्या शिमोनाला क्रूस वाहायला लावतात, तिथेही तेच क्रियापद आहे. पहिला मैल सक्तीचा होता, म्हणून दुसऱ्याला अर्थ होता. फॉर्मवर दुसरा मैल तेवढा उरला. पहिला, आणि त्याच्यासोबत सैनिकही, गायब झाला.

'नोज टू द ग्राइंडस्टोन'चंही तेच. जॉन हेवूडच्या 1546च्या म्हणींच्या संग्रहात तो सापडतो. त्या काळात धार लावायच्या दगडावर नाक धरलं जायचं ते दुसऱ्याचं. अर्थ होता जाच करणे. आज प्रत्येकाने आपलं नाक आपणच दगडावर धरायचं, आणि त्याला चिकाटी म्हणायचं. जुलमाची तक्रार सद्गुणाच्या यादीत गेली, आणि त्यासाठी वाक्यातला फक्त कर्ता बदलावा लागला.

मराठीत 'घाण्याला जुंपणे', 'वेठीस धरणे' म्हटलं की जुंपणारा आणि धरणारा अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून मला ऑफिसातल्या इंग्रजीपेक्षा हे शब्द जास्त प्रामाणिक वाटतात. पण मराठीला लगेच प्रशस्तिपत्र द्यायचं कारण नाही. आईबापांनी 'हाडाची काडं केली' हे आपण अभिमानाने सांगतो. ती करायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली, हे विचारत नाही. आणि ठरलेलं काम नीट संपवून सहाला बॅग उचलणाऱ्याकडे बघून 'हा नुसत्या पाट्या टाकतो' असं म्हणतो, तेही मराठीतच.

त्या माणसाचा गुन्हा एवढाच, की तो ठरलेला एक मैल चालून थांबलेला असतो.