संघाचे दफ्तर आणि एक समाधिशिला

संस्थेचे दफ्तर हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकेल काय, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. ठराव, अनुमोदन, जमाखर्च यांत रस तो कसला? तथापि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या कृष्णवर्णी स्त्रियांनी १९०८ साली स्थापिलेल्या 'एम्पायर स्टेट फेडरेशन ऑफ विमेन्स क्लब्ज' या संघाचे दफ्तर पाहता ही शंका टिकत नाही. ऑल्बनी येथील विद्यापीठात ते जतन केलेले आहे.

असा निराळा संघ काढण्याची गरज का पडली? १९०० साली मिल्वॉकी येथे गोऱ्या स्त्रियांच्या महासंघाचे अधिवेशन भरले असता जोसेफिन सेंट पियर रफिन या बोस्टनच्या विदुषी तेथे गेल्या. गोऱ्या संस्थांच्या प्रतिनिधी म्हणून त्यांना बसू देण्यास हरकत नव्हती. स्वतःच्या कृष्णवर्णी मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून मात्र होती. रफिनबाईंनी ती सवलत नाकारली. ज्यांना दुसऱ्यांच्या सभेत जागा नाही, त्यांचे नाव दुसऱ्यांच्या वहीत तरी कसे येणार? म्हणून स्वतःची वही ठेवणे हेच या स्त्रियांचे एक मोठे कार्य होते.

परंतु या दफ्तराचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. त्यातील कागद १९३८ ते १९९१ या काळचे आहेत. संघाचे सर्वांत संस्मरणीय कृत्य त्याच्या आदल्याच वर्षी घडले! गुलामगिरीतून स्वतः निसटून पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये परतणाऱ्या व सुमारे सत्तर जणांस सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन १९१३ साली ऑबर्न येथे निवर्तल्या. त्यांच्या थडग्यावर १९३७ च्या जुलैत या संघाने शिला उभारली. तीवर संघाचे नाव आहे. वर्गणी गोळा करणाऱ्या एकाही बाईचे नाही.

असल्या कागदांचा दुसरा दोष त्यांच्या भाषेतच असतो. 'ठराव एकमताने संमत झाला' या एका वाक्याखाली किती वाद, किती रुसवे पुरले जातात, हे सभेत बसलेल्यांस ठाऊक असते. अध्यक्षीणबाईंचे भाषण राहते. सतरंज्या घालणारी बाई राहत नाही. म्हणून दफ्तर वाचणाऱ्याने ओळींइतकेच ओळींमधील मौनही वाचावे, असे आमचे मत आहे. तरीही सदोष दफ्तर हे नसलेल्या दफ्तराहून शतपटीने बरे.

हा विषय आपल्याला परका नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला, आणि अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था प्रत्यक्ष पाहून १८८९ साली आपल्या प्रवासवृत्तात त्यांची ओळख मराठी वाचकांस करून दिली. त्यानंतर आपल्याकडे गावोगाव महिलामंडळे निघाली. हळदीकुंकू, शिवणवर्ग, व्याख्याने, बालकमंदिरे त्यांनी चालविली. त्यांच्या वह्या कोठे आहेत? थोर पुरुषांची पत्रे आपण छापतो. आजीच्या मंडळाची वही मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाते. ऑबर्नची शिला दगडाची होती, म्हणून टिकली. कागदाला जपणारा माणूस लागतो. माळ्यावरची ती वही देऊन टाकण्यापूर्वी वाचकांनी एकदा उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.